आईनं उतरवलेला बॅनर

मी पहिल्यांदा देश सोडला, तेव्हा सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, माझा आठ फुटी फोटो टांगलेला होता. 'आमच्या गल्लीची शान, कु. संगीताताई नायजेरियाला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा!' खाली कंपनीचं नाव, जाण्याची तारीख आणि शुभेच्छुक म्हणून एकवीस जणांचे छोटे फोटो. त्यात आमचा दूधवालाही होता. बॅनर छापला होता माझ्या चुलतभावानं, प्रमोदनं. पर्वत पाटियाजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि घरात कुणाचं काही चांगलं झालं की त्याचा हात आधी मशीनकडे जातो. त्यानं मला इतकं गोरं केलं होतं की शेजारच्या शोभाकाकूंनी विचारलं, ही कुणाची पोर?

आईला वाचता येत नाही. त्यामुळे ती सकाळपासून बॅनरखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तो वाचायला लावत होती. "वाच न व, मोठ्यानं वाच. लोकाईले आयकू दे." मुंबईच्या विमानतळावर जायला दोन इको गाड्या ठरवल्या होत्या. एक माझ्यासाठी आणि बॅगांसाठी, दुसरी नुसती निरोप द्यायला येणाऱ्यांसाठी. दुसऱ्या गाडीत जागेवरून भांडणं झाली. गाडी सुटताना सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, आई मात्र हसत होती. "पोचल्याबरोबर फोन करजो," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वर फोटोकडे बघायला लागली.

तिचं ते हसू मला समजत होतं. बाबा मलकापूरकडचे, कापसाच्या गावचे. ते सुरतेला आले तेव्हा एक पिशवी घेऊन पहाटेच घराबाहेर पडले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. काम नाही मिळालं तर परत यावं लागेल, मग लोक हसतील, ही धास्ती. मग तीस वर्षं त्यांनी लूम्सच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी केली आणि आईनं भाड्याच्या एका खोलीत बसून एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे सुटे धागे कापले. मी त्या साड्यांच्या ढिगाऱ्यातच वाढले. नक्षी मी आधी उलट्या बाजूनं शिकले, कारण धागे कापायला साडी उलटी धरतात. पुढे कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याचा, म्हणजे पंचिंगचा कोर्स केला, एका कारखान्यात लागले. आमच्या शेठच्या ओळखीच्या माणसानं नायजेरियात भरतकामाच्या मशीन लावल्या. तिथल्या बायकांना शिकवायला बाईच पाहिजे होती. शेठनं माझं नाव सुचवलं. ज्या घरातला बाप चोरासारखा निघाला होता, त्या घरातली पोरगी बॅनर लावून निघाली. आईनं का हसू नये?

पण गल्लीतल्या माणसांनो, हे मी लिहितेय ते त्या बॅनरचं कौतुक करायला नाही. मागचे काही महिने तुम्ही माझ्या आईला जे बोललात, त्याचं उत्तर तिनं दिलं नाही. ते मी देणार आहे. आणि जे माझ्यासारखे धोक्याच्या रस्त्यांच्या देशात कामाला गेलेत, त्यांनीही हे वाचावं.

आमचा कारखाना कानो शहरापासून गाडीनं तीन तासांवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, शोधू नका. कापसाचंच गाव आहे. बाबांना फोटो पाठवले तर म्हणाले, माती आपल्याच तिकडची दिसते. माणसं चांगली, हसरी, पाहुण्याला पाणी विचारल्याशिवाय बसू न देणारी. पण कानोपर्यंतचा तो तीन तासांचा रस्ता वाईट. त्या भागात रस्त्यावरून माणसं पळवून नेतात आणि सोडण्यासाठी पैसे मागतात. परदेशी माणूस सापडला तर जास्तच मागतात. मी पोचले त्याच दिवशी कारखान्याचे सुरक्षाप्रमुख मालम इब्राहिम मला घेऊन बसले. पोलिसातून निवृत्त झालेले, उंच, हळू बोलणारे. मालम म्हणजे गुरुजी. त्यांनी शाळेतल्यासारखे नियम सांगितले आणि माझ्याकडून परत म्हणून घेतले.

कधी निघायचं ते निघायच्या सकाळीच कळणार. उन्हं वर आल्यावर निघायचं आणि उन्हं असतानाच पोचायचं. कंपनीची चकचकीत जीप नाही, धुळीनं भरलेली जुनी गाडी. एकाच वारी दोनदा जायचं नाही. अंगावर सोनं नाही, हातात मोबाइल नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: तारीख कुणाला सांगायची नाही. मशीनचे मिस्त्री जिग्नेशभाई आमच्या सुरतेतल्या वराछाचेच. त्यांनी बाहेर आल्यावर गुजरातीत पुन्हा बजावलं, "बेन, स्टेटस ना मूकता." म्हणजे मोबाइलवर स्टेटस टाकू नका.

मला हसू आलं होतं. कारण बाबांनी मला हेच सगळं लहानपणी सांगितलं होतं. पगाराच्या दिवशी लूम्सच्या कामगारांना रस्त्यात लुटायचे, म्हणून बाबा त्या दिवशी डब्यात भाकरीखाली पगार ठेवत आणि वेगळ्याच गल्लीतून घरी येत. "पगाराच्या दिवशी रस्ता बदलाचा, अन् चेहऱ्यावर पगार दिसू द्याचा नाई," असं म्हणायचे. त्यालाच तिकडे प्रोटोकॉल म्हणतात, एवढाच फरक. मी बाबांची लेक आहे, मला हे सोपं जाईल, असं वाटलं. मी आईचीही लेक आहे हे विसरले.

कारण आईच्या पोटात काही राहत नाही. गॅसचा सिलिंडर आला तरी ती गल्लीला ओरडून सांगते. मी पास झाले तेव्हा निकाल लागायच्या आदल्या दिवशीच पेढे वाटून मोकळी झाली होती. सुखाची गोष्ट एकट्यानं ठेवणं तिला पाप वाटतं. आमच्याकडे सगळ्यांचंच थोडं तसं आहे. कुणी परगावी निघालं की चार घरी सांगितल्याशिवाय ते निघणं खरं होत नाही.

वर्षभरानंतर त्याच गल्लीत आम्ही घर घेतलं. दोन खोल्या, वर गच्ची, आणि दारासमोर आईला बसायला पायरी. वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला. मला सुट्टी मिळाली आणि मी आईला तारीख सांगितली. नियम पाठ असूनही सांगितली. आईपासून कसली आलीय तारीख लपवायची, असं वाटलं. चूक माझी होती, हे आधीच कबूल करते.

आईनं प्रमोदला सांगितलं. प्रमोदनं बॅनर केला: 'नायजेरियाहून वास्तुशांतीसाठी येणाऱ्या आमच्या लाडक्या संगीताताईंचे हार्दिक स्वागत.' कंपनीचं नाव, येण्याची तारीख, विमान कानोहून कधी सुटणार तेसुद्धा, आणि हे सगळं इंग्रजीत. त्याचा फोटो काढून त्यानं माझं नाव जोडून सोशल मीडियावर सगळीकडे टाकला. दोनशे लोकांनी हार्ट दिले. मी पण दिला.

विमानाच्या दोन दिवस आधी मालम इब्राहिमनी मला बोलावलं. त्यांच्या मोबाइलवर आमची गल्ली होती. विजेचे खांब, शोभाकाकूंची वाळत घातलेली साडी, आणि मध्ये मी. "मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "तुमची तारीख इंडियात खांबावर लावलीय." मग त्यांनी सांगितलं की आदल्या दिवशी फाटकावर कुणाचा तरी फोन आला होता. इंडियन मॅडम गुरुवारी कानोला जाणार आहेत ना, असं विचारत होता. पहारेकऱ्यानं नंबर विचारला तर फोन बंद. तो कुणी व्यापारी असेल, कुणी रिकामटेकडा असेल. आजवर कळलं नाही.

जाणं रद्द झालं. नंतर नव्या मशीन आल्या, त्या बसवायचं काम लागलं आणि माझी सुट्टी सात महिने पुढे गेली. वास्तुशांत मी मोबाइलवर पाहिली. गुरुजी मंत्र म्हणत होते, आई-बाबा शेजारी पाटावर, आणि कुणीतरी फोन धरला होता तो सारखा छताकडे जात होता. माझ्या पैशानं उभं राहिलेल्या घरात मी पंख्याच्या बाजूनं हजर होते. आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. पूजा झाल्यावर एकदाच तोंड जवळ आणून म्हणाली, "सारे इचारून राह्यले, कुठी हाये पोरगी. मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. आधी सांगत नव्हते, तिला घोर लागेल म्हणून. रस्त्याचं सांगितलं, माणसं पळवतात ते सांगितलं, फाटकावरच्या फोनचं सांगितलं. मग आई म्हणाली, "म्हंजे मी लावली तुही तारीख खांबावर." मी म्हटलं, आई, तसं नाही. तिनं फोन ठेवला.

पुढचं बाबांनी सांगितलं. आई स्टूल घेऊन बाहेर गेली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, खांबाच्या दोऱ्या धागे कापायच्या कात्रीनं कापून तिनं बॅनर खाली घेतला. प्रमोद धावत आला, काकू, अजून आठवडाभर राहू द्या की. तिनं बॅनर गच्चीवर नेऊन उलटा अंथरला आणि त्यावर कुरडया वाळत घातल्या. माझं तोंड त्यानंतर कित्येक महिने खाली होतं. बाबा म्हणाले, "पयल्यांदा पाह्यलं मी तिले, बिना बोलता काम करताना."

मग तिनं मला फोन केला आणि एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मला आधी वाईट वाटलं, नंतर फार अभिमान वाटला. "आता कधी निंघशीन ते मले सांगू नको," ती म्हणाली. "मले ठाव असलं त मी सांगून टाकीन. मले माहं तोंड ठाव हाये. तू ज्या दिवशी येशीन त्या दिवशी ये."

आपल्याला काय जमत नाही हे ओळखून तेवढं दार बंद करायला किती धैर्य लागतं, हे मला तेव्हा कळलं. मालम इब्राहिमना सांगितलं तर ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आईला माझी नोकरी द्यायला पाहिजे."

सात महिने तिला ठाऊक नव्हतं मी कधी येणार. तुम्ही तिला रोज विचारत होतात. पाण्याच्या नळावर, भाजीच्या गाडीवर, भजनात. संगी कधी येतेय? ती म्हणायची, मले काय ठाव, पोरगी सांगतच नाई काही. तुम्हाला वाटलं, आमचं बिनसलं. वास्तुशांतीलाही आली नाही म्हणजे नक्कीच काहीतरी. कुणी म्हणालं तिकडेच लग्न केलंय. शोभाकाकू, तुम्ही जळगावकडच्या, बोलायला लागलात की तोंडाला लगाम नसतो. तुम्ही तिला तोंडावर म्हणालात, "पोर मायबापले इसरी गयी वाटस." तिनं ते ऐकून घेतलं. सुरक्षेचं कारण आहे असं एक वाक्य बोलली असती तरी तुम्ही गप्प झाला असता. मी नंतर तिला विचारलं, तेवढं तरी का नाही सांगितलंस? म्हणाली, "एक सांगतलं की दुसरं निंघते तोंडातून." ज्या बाईला सिलिंडरची बातमी पोटात ठेवता येत नाही, तिनं लेकीची बदनामी पोटात ठेवली.

आणि म्हणून मी तो रस्ता सुखरूप पार केला. तेही सांगते.

बॅग भरून मी नऊ दिवस बसले होते. दहाव्या दिवशी सकाळी मालम इब्राहिमनी दार वाजवलं. "मॅडम, आज." माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी हलिमा, तिनं आपली ओढणी माझ्या डोक्याभोवती तिथल्या बायकांसारखी गुंडाळून दिली. हलिमा रोज मोटरसायकलच्या मागे बसून त्याच रस्त्याच्या एका तुकड्यावरून कामाला येते. तिच्यासाठी वेगळी गाडी नसते, मालम इब्राहिम नसतात. हे लक्षात आलं की माझ्या भीतीची मला लाज वाटते. मी तिला तसं म्हटलं तर हसली आणि म्हणाली, पोचलात की मुसाला मला फोन करायला सांगा.

मुसा म्हणजे आमचा ड्रायव्हर. दीड तास तो गाडी चालवत होता. मग पुढे रस्त्यात एक लॉरी आडवी दिसली. मुसानं गाडी खूप आधी थांबवली, इतकी आधी की मागे वळायला जागा राहील. त्याच्या शेजारी बसलेल्या मालम इब्राहिमनी पुढच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. मला भीती वाटली, हे स्पष्टच सांगते. ओढणीच्या आत घामानं मान भिजली आणि मी मनात घरच्या सगळ्यांची नावं घेत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, लॉरी माहीत नाही. बास, तेवढ्यावर गाडी वळली. भुईमुगाच्या शेतांमधून कच्च्या वाटेनं आम्ही गेलो आणि दीड तास उशिरा, पण भर उन्हात, कानोला पोचलो. लॉरी बिघडलीच असेल बहुतेक. खात्री करून घ्यायला थांबायचं नसतं, हाच त्यातला धडा. सुरक्षित प्रवास हा असाच कंटाळवाणा असतो. सांगण्यासारखं काही घडलं नाही की तो जमला.

मुंबईहून रेल्वेनं सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरून रिक्षानं गल्लीत आले तेव्हा दुपार होती. नव्या घराच्या पायरीवर आई साडी उलटी धरून धागे कापत होती. घर झालं, आता पुरे, असं सांगून आम्ही थकलो. तिनं वर पाहिलं. मला वाटलं आता गल्ली दणाणणार. ती उठली, माझ्या हातातली बॅग घेतली, मला आत ओढलं आणि दार लावलं. मग दोन्ही हातांत माझं तोंड धरून नुसतं बघत राहिली. "थांब," म्हणाली, "आधी मले पाहू दे. मंग लोकाईले." बाहेर शोभाकाकूंचा आवाज येत होता तरी तिनं तासभर दार उघडलं नाही. मी खूप रडले. त्या एका तासासाठी मी आणखी दहा वेळा तो रस्ता पार करीन.

तीन आठवडे राहिले. परत जाण्याची तारीख यावेळी मला, बाबांना आणि आईला, तिघांनाच ठाऊक होती. आईला मी आधी विचारलं होतं, सांगू की नको? ती म्हणाली, "आता सांग. आता मले जमते."

मोठी बॅग बाबा निघायच्या आदल्या दिवशीच स्टेशनजवळ एका ओळखीच्या दुकानात ठेवून आले होते. निघताना मी घरातली साधी साडी नेसले, हातात बाजाराची पिशवी घेतली. पिशवीत पासपोर्ट, त्यावर जुनी वर्तमानपत्रं. आतल्या खोलीत आईच्या पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला. मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी तिच्या बाजूनं उतरले तेव्हा गल्लीत सात-आठ बायका होत्या. दोन इको गाड्या करून मला निरोप देणारी माझी आई जागची उठली नाही. तिनं मानही वर केली नाही. साडीवर डोळे ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "संगे, येताना कोथिंबीर आणजो! जुडी पाहून घेजो, मागच्या वेळी सडकी आणली होती!"

"बरं," मी म्हटलं आणि नायजेरियाला निघाले. वळणापर्यंत मागे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघींचंही नाटक संपलं असतं.

कारखान्याच्या फाटकात गाडी शिरली तेव्हाच फोन केला, चौथ्या दिवशी. "पोचली?" "पोचले." तिनं इतका मोठा श्वास सोडला की फोन खरखरला. मग मी विचारलं, हे चार दिवस तू गल्लीला काय सांगितलंस? तर मी निघाले त्या संध्याकाळी तिनं बाबांना पाठवून कोथिंबिरीची जुडी आणवली होती आणि पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, एकेक काडी निवडली होती. संगी कुठं, विचारलं की सांगायची, झोपली हाये, लय थकली हाये पोरगी. चार दिवस ती माझ्यासाठी ताट वाढून आत नेत होती आणि रिकामं बाहेर आणत होती.

"ते ताट कोण खायचं?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "दोघींचं जेवून पोट बिघडलं माहं."

आम्ही दोघी हसलो. लोक विचारतात, तुझं घर कुठलं? मलकापूरकडचं म्हणू, सुरतचं म्हणू, की या कापसाच्या गावाचं नाव सांगू, जे मी लिहीतही नाही? मला आता एवढंच कळतं की जगात कुठल्याही रस्त्यावर मी असले, तर एका पायरीवर एक बाई तोंड मिटून बसलेली आहे, आणि ती तोंड मिटून आहे तोवर मी सुखरूप आहे. आमच्या गल्लीची शान ती आहे. प्रमोद, बॅनर छापायचाच असेल तर तिचा छाप.